स्वदेशी माल आणि घामाचा दाम

(भोर व वेल्हे भागांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



कामधाम टाकून तुम्ही येथें जमलां आहां. कोणी विद्वान येईल, अवघड बोलेल आणि आपण मान डोलवून घरीं जाऊं, अशी कोणाची समजूत असेल तर ती त्यानें सोडावी. मीही नांगरामागें चाललेल्या बापाचाच मुलगा. मला आज बाजारासंबंधीं बोलायचें आहे, आणि बाजार तुम्हांला माझ्यापेक्षां जास्त कळतो. कारण बाजारांत ठोकर बसली तर ती पहिल्यानें तुमच्याच पदराला बसते.

पावसाळ्यांत वेल्ह्याकडे भातलावणी चालू असते, तेव्हां खाचरांत वांकलेल्या बायांच्या पाठीकडे पाहा. पूर्वीं तेथें इरलें दिसे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानांचें आच्छादन. केवढाही पाऊस येवो, पाठ कोरडी. तें इरलें बुरुडाच्या घरांत होई आणि त्याच्या बदल्यांत बुरुडाच्या घरीं भात जाई. आतां त्या पाठींवर प्लास्टिकचा कागद आहे. सूप प्लास्टिकचें झालें, टोपली प्लास्टिकची झाली, रोवळी तर नव्या सुनांना दाखवावी लागते. बुरुडाच्या सुरीला गंज चढला.

आतां मला सांगा, हा कागद चीनहून आला काय? पुष्कळ वेळां नाहीं. तो आपल्याच देशांतल्या कारखान्यांत होतो. म्हणजे तो अस्सल स्वदेशी! पण त्यावर स्वदेशीचा शिक्का मारला म्हणून बुरुडाची चूल पेटते काय? एवढा एक प्रश्न मनांत धरून ठेवा. माझें सारें भाषण त्याच्याच भोंवतीं आहे.

१५ जून २०२० रोजीं गलवान खोऱ्यांत आपले २० जवान पडले. त्या वेळीं देशभर हांक उठली कीं, चिनी माल घेऊं नका. कोणीं टी.व्ही. फोडले, कोणीं चिनी वस्तूंची होळी केली. सरकारनें २९ जूनला ५९ चिनी ॲप बंद केलीं. त्या रागाची मी चेष्टा करीत नाहीं. सरहद्दीवर रक्त सांडतें तें बहुतकरून शेतकऱ्याच्याच पोराचें. राग येण्याचा पहिला हक्क आपला आहे. परंतु रागाचाही हिशेब ठेवावा लागतो. २०१९-२० सालीं चीनहून आपल्या देशांत सुमारें ६५ अब्ज डॉलरचा माल आला. २०२४-२५ सालीं तो आंकडा ११३ अब्जांवर गेला. रस्त्यांत घोषणा वाढल्या आणि बंदरांत मालही वाढला!

हा माल कोणीं मागविला? त्यांत मोठा भाग यंत्रांचा आहे, विजेच्या सामानाचा व इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा आहे, औषधांना लागणाऱ्या कच्च्या मालाचा आहे. हा माल भोरच्या बाजारांत बसणारी म्हातारी मागवीत नाहीं. तो मोठ्या पेढ्या व मोठे कारखाने मागवितात. पण देशभक्तीची परीक्षा घ्यायची वेळ आली म्हणजे पेढीवाल्याच्या दारांत कोणी जात नाहीं. परीक्षा होते ती दिवाळींत रस्त्याकडेला चार लाइटच्या माळा मांडून बसलेल्या पोराची. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची ही रीत जुनीच आहे.

ही स्वदेशीची गोष्टही जुनीच आहे. १८४९ च्या सुमारास लोकहितवादींनीं आपल्या पत्रांतून देशी माल वापरा म्हणून सांगितलें. सार्वजनिक काका जोशी १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातसुताचे कपडे घालून गेले. या गोष्टींचा मान आपण राखूं. पण १८८३ सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां त्यांनीं प्रश्न कापडाच्या बाजूनें न पाहतां माणसाच्या बाजूनें पाहिला. यंत्रावरच्या विलायती मालापुढें येथल्या विणकरांचें व कारागिरांचें पोट कसें बुडालें आणि तीं माणसें शेतीवर येऊन कशीं पडलीं, ही त्यांची कैफियत होती. दोहोंत फरक आहे. एक म्हणतो, अंगावर देशी कापड असावें. दुसरा विचारतो, कापड विणणारा जगला कीं मेला?

पुढें १९०५ सालीं बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीचा डंका वाजला. पुण्यांत विलायती कपड्यांची होळी झाली. मुंबईच्या गिरण्यांचा माल खपूं लागला. फार चांगलें झालें. पण त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. पूर्वीं सूर्य मावळला कीं काम थांबे; आतां सूर्याचीही गरज उरली नाहीं. कांहीं गिरण्यांत माणसाला चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास उभें राहावें लागे. आठवड्याला एक सुटीसुद्धां सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडून मिळवावी लागली होती. ती १८९० सालीं पदरांत पडली. आणि कापडगिरणींतल्या पुरुषाला दिवसाला बारा तासांची हद्द घालणारा कायदा झाला तो १९११ सालीं. तो केला परक्या सरकारनें, आणि कुरकुर केली आपल्याच मालकांनीं.

त्या साच्यांवर उभा कोण होता? कोंकणांतला, साताऱ्याकडचा, आपल्या मावळांतला, ज्याच्या खाचरांतलें भात वर्षाला पुरत नव्हतें तो. त्याच्या घामानें स्वदेशी फुलली. आणि तिच्यासाठीं प्राण देण्याची वेळ आली तेव्हांही तोच पुढें गेला. बाबू गेनू आपल्याच पुणें जिल्ह्यांतला, आंबेगांव तालुक्यांतल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईचा गिरणीकामगार. १२ डिसेंबर १९३० रोजीं विलायती कापडाची मोटार अडवितांना काळबादेवीला तो त्या मोटारीखालीं गेला. त्याच्यापुढें मी हात जोडतों. पण त्याचें नांव घेतांना हेंही आठवा कीं, १९८२ सालीं त्याच मुंबईंत सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, त्यांतले असंख्य पुन्हां कामावर आलेच नाहींत, आणि पुढें गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती उठल्या. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज मोठा मॉल आहे. जेथें आपलें माणूस सूत काढीत होतें, तेथें आतां परदेशी नांवांचे कपडे विकले जातात. एके काळचा स्वदेशीचा कारखाना परदेशी मालाचें दुकान झाला, आणि दोन्ही वेळां नफा गेला तो जमिनीच्या व साच्यांच्या मालकाकडे.

शिक्क्याची आणखी एक गंमत सांगतों. १९२२ सालीं परदेशांतून येणाऱ्या काड्यापेट्यांवर जबर जकात बसली. लोकांना वाटलें, आतां देशी काडी पेटणार. पण स्वीडन देशांतल्या काडीवाल्या कंपनीचें डोकें काडीच्या गुलापेक्षां तल्लख! बाहेरून पेटी आणली तर जकात पडते काय? मग पेटी आंतच करूं. तिनें १९२३ सालीं येथें कंपनी काढली आणि अंबरनाथला कारखाना उभा केला. साबणवाल्या इंग्रज कंपनीनें १९३४ सालीं शिवडीला तेंच केलें. पेटी देशी, साबण देशी, मजूर देशी, मालक मात्र सातासमुद्रांपलीकडे. त्या वेळच्या लोकांत मोठा वाद माजला कीं, याला स्वदेशी म्हणावें कीं परदेशी? मी म्हणतों, वादच आंधळा होता. अंबरनाथच्या मजुराला पोटभर पगार मिळाला असेल तर तेवढ्यापुरतें तें चांगलें. मिळाला नसेल तर मालक स्वीडनचा काय आणि मलबार हिलवरचा काय, त्याला सारखाच.

आजच्या काळांत या गोष्टीला फारच मोठें रूप आलें आहे. नांव एका देशाचें, भांडवल दुसऱ्याचें, सुटे भाग चार देशांचे, आणि हात जेथें मजुरी स्वस्त तेथले, अशी ही नवी रीत. मजूर परदेशीं न्यायचा नाहीं, कामच उचलून परमुलखांतल्या मजुराच्या दारांत न्यायचें. २००९ सालच्या आयफोनचा हिशेब दोन अर्थशास्त्रज्ञांनीं मांडला होता. तो फोन तयार व्हायला सुमारें १७९ डॉलर लागत. जोडणी चीनमध्यें होई. त्या जोडणीचे किती? साडेसहा डॉलर! आणि फोन विकला जाई पांचशें डॉलरला. अंगावर शिक्का चीनचा, पण चीनच्या जोडणीपाठीं त्यांतले साडेसहा. बाकीचे सुटे भाग करणाऱ्या इतर देशांचे, आणि वरची मलई नांवाच्या मालकाची. आतां तसलेच फोन आपल्या देशांतही जोडले जातात. जोडले जावेत, पोरांना काम मिळावें. पण ‘आमच्या देशांत झाला’ म्हणून नाचण्यापूर्वीं त्या साडेसहांत आपला वाटा किती, हें विचारायला नको काय?

आणि या स्वस्ताईची किंमत कधीं कधीं जिवानें द्यावी लागते. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत ढाक्याजवळ राणा प्लाझा नांवाची इमारत कोसळली. आंत कपडे शिवण्याचे कारखाने होते, माल मोठमोठ्या विलायती नांवांचा. आदल्या दिवशीं भिंतींना तडे गेलेले सर्वांनीं पाहिले होते; तरी दुसऱ्या दिवशीं कामावर बोलाविलें. ११३४ माणसें मेलीं, त्यांत बायाबापड्या पुष्कळ. त्या बाया परक्या देशाच्या खऱ्या. पण तुमच्या पोरी कारखान्यांत जातात त्यांच्याहून त्या वेगळ्या होत्या काय? परदेशचा मजूर आपला वैरी नाहीं. त्याला कमी देऊन आपल्याला आणखी कमी देणारा जो आहे, त्याला ओळखायला शिका.

आतां आपल्या मुलखाची गोष्ट. कोल्हापुरी चप्पल सर्वांना ठाऊक आहे. २०१९ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि कर्नाटकांतले चार, इतक्याच मुलखांत केलेल्या चपलेला तें नांव लावतां येतें. जून २०२५ मध्यें इटलींतल्या मिलान शहरीं प्राडा नांवाच्या बड्या कंपनीनें आपल्या प्रदर्शनांत तसलीच चप्पल मांडली आणि कोल्हापूरचें नांवही घेतलें नाहीं. महाराष्ट्रांत ओरड झाली, तेव्हां मूळ कोठलें तें तिनें कबूल केलें. डिसेंबर २०२५ मध्यें दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं तिचा करार झाला. २,००० जोड येथें करवून घ्यायचे आणि जोडाची किंमत सुमारें ८०० युरो. म्हणजे आपले ऐंशी हजारांवर रुपये.

आपल्या लोकांनीं ओरड केली म्हणून एवढें तरी झालें; गप्प बसते तर चोरी पचली असती. पण ओरडणाऱ्यांत असेही पुष्कळ होते कीं, ज्यांनीं आठच दिवसांपूर्वीं त्याच चर्मकाराशीं पन्नास रुपयांसाठीं घासाघीस केली होती. आणि एक जुनी गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. स्वदेशीचीं व्याख्यानें झडत होतीं त्या काळांत चर्मकाराच्या हातची चप्पल स्वदेशी म्हणून पवित्र, पण त्याच्या हातचें पाणी विटाळ! वस्तू आपली आणि माणूस परका, ही कसली देशभक्ती? आज करार झाला आहे तर पाहण्याची गोष्ट एकच. त्या ऐंशी हजारांतले कातडें कमावणाऱ्याच्या, वादी वळणाऱ्याच्या, वेणी घालणाऱ्या बाईच्या हातांत किती पडतात? तो आंकडा कागदावर मागा. अभिमानाचें माप तो आंकडा आहे.

झेंड्याचेंही तसेंच. पूर्वीं राष्ट्रध्वज हातानें कातलेल्या व हातानें विणलेल्या कापडाचाच असावा असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ रोजीं तो बदलला. यंत्रावरचें व पॉलिएस्टरचें कापडही चालूं लागलें. २०२२ च्या ऑगस्टांत घरोघरीं झेंडे लागले. गरीबाच्या घरावर झेंडा लागला याचा मला आनंद आहे. पण झेंड्याच्या निमित्तानें चरख्यावर व मागावर बसणाऱ्या माणसाला जे दोन घांस मिळत होते, त्यांत आतां यंत्र वांटेकरी झालें. देशभक्ती स्वस्त करायची झाली कीं, पहिली काट लागते ती कारागिराच्या मजुरीला.

आतां म्हणाल, हें सारें दूरचें झालें, भोर-वेल्ह्याचें काय? घरचेंच सांगतों. आपल्या भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें. जमीन बुडाली ती येथली. पाणी नीरेच्या कालव्यांनीं खालीं बारामती, इंदापूर, फलटणकडे गेलें. खालच्या शेतकऱ्याचें शिवार भिजलें याचें मला वाईट वाटत नाहीं, तोही आपलाच भाऊ. पण ज्याच्या दारांत धरण त्याच्या रानांत उन्हाळा, हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. मालाच्या किंमतीचें पाणीही असेंच वाहतें. घाम गळतो एका ठिकाणीं, पीक उगवतें दुसऱ्या ठिकाणीं.

आपलें भात घ्या. वडगांव मावळच्या केंद्रांत निघालेली इंद्रायणी आपल्या खाचरांत उत्तम येते. आंबेमोहोर शिजला कीं वास शेजारच्या आळींत जातो. पण आपण काय विकतों? खळ्यावरचें भात, तेंही देणें भागवायच्या घाईंत. तें कांडलें जातें दुसरीकडे, पिशवींत भरलें जातें तिसरीकडे, आणि पिशवीवर नांव असतें चौथ्याचें. मग तो आयफोन जोडणारा चिनी मजूर आणि वेल्ह्याचा भातवाला, यांत फरक काय राहिला? दोघेही परक्या नांवाखालीं काम करून साडेसहांत खूष!

आणि नीरा ओलांडली कीं शिरवळ. आपलीं पोरें-पोरी पहांटे गाडीनें तिकडल्या कारखान्यांत जातात. कारखाना देशी आहे कीं विलायती, याची चर्चा चावडीवर खूप होते. मी पोरांना विचारतों, बाळा, तुझ्याजवळ नेमणुकीचा कागद आहे काय? पगाराची चिठ्ठी मिळते काय? पुष्कळांची मान खालीं जाते. कंत्राटदाराचा फोन नंबर आहे, बाकी कांहीं नाहीं. लक्षांत ठेवा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणें आतां बंधनकारक आहे. तें मागा. एकट्यानें मागितलें तर काढून टाकतील ही भीति खरी आहे. म्हणून गाडींतल्या चाळीस जणांनीं मिळून मागा.

येथें कोणी आईबाई विचारील, “दादा, मग आम्हीं प्लास्टिकचें सूप घ्यायचेंच नाहीं काय? तें तर निम्म्या किंमतींत मिळतें.” बाई, तूं खुशाल घे. ज्याच्या हातांत शंभराची नोट शेवटची आहे, त्याला देशभक्तीचा उपदेश करणें हें पाप आहे. स्वस्त घेणें हा गरीबाचा गुन्हा नव्हे. त्याला स्वस्तावांचून गत ठेवली नाहीं, हा गुन्हा दुसऱ्याचा. स्वदेशीचा भार आधीं त्यानें उचलावा ज्याची तिजोरी भरलेली आहे. सरकारी कचेरीनें, शाळेनें, देवस्थानानें, साखर कारखान्यानें, लग्नांत पांच लाखांचा मांडव घालणाऱ्यानें उचलावा. त्यांची खरेदी आधीं तपासा, मग म्हातारीच्या पिशवींत डोकवा.

पण जेथें आपल्यालाही निवड करतां येते, तेथें तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्या. ही वस्तू कोणाच्या हातची? त्या हाताला काय मिळालें? आणि वरचा नफा कोठें गेला? या तीन प्रश्नांचीं उत्तरें बरीं असलीं तर ती वस्तू माझ्या लेखीं स्वदेशी. नसलीं तर तिच्यावर तिरंगा छापला तरी ती परकीच.

आज उठण्यापूर्वीं चार गोष्टींचा निश्चय करूं. पहिली, लग्नकार्यांत सूप, टोपली, रोवळी, परडी बुरुडाकडूनच घ्यावी, आणि तो सांगेल तो दाम घासाघीस न करतां द्यावा. त्याच्या पोरांना कळूं द्या कीं, या धंद्यांत अजून अन्न आहे. दुसरी, निदान पांच-दहा घरांनीं एकत्र येऊन आपलें भात आपणच कांडून, आपल्या गांवाच्या नांवानें पिशवींत भरावें. बायांचे बचत गट गांवोगांवीं आहेत. त्यांनीं हें काम हातीं घ्यावें आणि पुण्याचा रस्ता धरावा. तिसरी, ग्रामसभेंत उभें राहून विचारावें कीं, पंचायतीनें यंदा काय काय विकत घेतलें व कोणाकडून. चौथी, कामावर जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या घरांत नेमणुकीचा कागद असावा. रेशनकार्डाशेजारीं तो ठेवावा.

हीं कामें लहान दिसतात. त्यांनीं चीनची बाजारपेठ हालणार नाहीं, हें मलाही कळतें. पण एका गांवांतलीं दोन बुरुडांचीं घरें सावरलीं, वीस घरांच्या भाताला चार पैसे जास्त आले, तर तेवढी देशसेवा झाली असें मी समजेन. देश म्हणजे नकाशा नव्हे. खाचरांत वांकलेली ती बाई आणि तिच्या इरल्याला मुकलेला तो बुरूड, हीं दोघें मिळून देश. तीं एकमेकांना विकत घेऊं शकत नाहींत आणि विकूंही शकत नाहींत, तोंवर स्वदेशीची हांक देणाऱ्यांनीं आधीं आमच्या दारांत यावें आणि आमचा हिशेब ऐकावा.

पुढच्या बैठकीला नुसते हात हालवीत येऊं नका. कोणीं काय केलें तें सांगायला या.